वर्दी उतरली की विद्याही उतरते काय?

बेळगाव तालुका घ्या, खानापूर घ्या, चंदगड-गडहिंग्लजचा डोंगरपट्टा घ्या. या टापूत असे गाव विरळाच, की जेथे संध्याकाळी कट्ट्यावर चार-दोन निवृत्त जवान बसलेले दिसत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि तिकडे शिरोळ तालुक्यातील टाकळीने तर आपल्या नावाआधी 'सैनिक' हे पद कायमचे जोडून घेतले आहे. माजी सैनिकांच्या अडचणी या भागातील वाचकांस नव्याने सांगाव्या लागत नाहीत. निवृत्तिवेतनाचा तंटा, जमिनीचा अर्ज, सैनिक कल्याण कार्यालयातील खेटे हे सारे घरोघरचे आहे. परंतु या निवृत्तांमध्ये एक लहानसा वर्ग असा आहे की ज्याच्या दुःखाचा उच्चार सभा-संमेलनांतून क्वचितच होतो. हे लोक जखमा करण्यासाठी भरती झाले नव्हते. जखमा बांधण्यासाठी झाले होते. लष्कराच्या दप्तरी त्यांचे नाव 'नर्सिंग असिस्टंट', गावच्या तोंडी 'मिलिटरीतले डॉक्टर', आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ते कोणीच नव्हेत.

आमच्या परिचयाचे एक हवालदार अशीच सेवा करून घरी आले. सतरा वर्षांची नोकरी, त्यात एक मुक्काम सियाचेनचा, बाकी काळ निरनिराळ्या लष्करी रुग्णालयांत. वय अवघे अडतीस. घरी दोन मुले शाळेत. शहरातील एका खाजगी रुग्णालयात ते कागद घेऊन गेले. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले : जीएनएम झाले आहे काय, आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कोणता? दोहोंचे उत्तर नकारार्थी. तेव्हा कारकून मोठ्या अगत्याने म्हणाला, "मग सिक्युरिटीत जागा आहे. माजी सैनिकांना आम्ही प्राधान्य देतो." हवालदारांनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. पुढे दुसऱ्या एका लहान इस्पितळात ते मदतनीस म्हणून लागले. आज तेथे रात्री-अपरात्री एखाद्या वृद्धाची शीर सापडेनाशी झाली म्हणजे हाक त्यांनाच जाते. पगारपत्रकावर मात्र त्यांचे काम स्ट्रेचर ओढणे एवढेच लिहिलेले आहे. हे काम का करता, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, "साहेब, शीर मला सापडते. पेशंटला कमी दुखते. नाही कसं म्हणू?"

या उत्तरातील माणुसकीला आमचा नमस्कार असो; परंतु त्या माणुसकीवर कोणाचा धंदा चालला आहे, हेही पाहिले पाहिजे. शिकलेल्या हाताचे काम घ्यावयाचे आणि अडाणी हाताचे दाम द्यावयाचे, असा हा सरळ हिशेब आहे. आणि उद्या त्या सुईने काही विपरीत घडले तर तेच इस्पितळ हात झटकून म्हणेल की, आम्ही या गृहस्थास स्ट्रेचर ओढण्यास ठेवले होते, सुई टोचण्यास नव्हे. त्या दिवशी या हवालदारांच्या बाजूने कोणता कागद उभा राहील? एकही नाही.

या लोकांना येते तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. लष्करी वैद्यकीय दल ३ एप्रिल १९४३ रोजी अस्तित्वात आले. त्याचे केंद्र व विद्यालय लखनौस आहे. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती व्हावयाचे तर बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांसह उत्तीर्ण व्हावे लागते आणि एकूण किमान पन्नास टक्के गुण लागतात. म्हणजे आरंभी तरी तो नागरी परिचर्या महाविद्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाहून कमी शिकलेला नसतो. पुढे शरीररचना, शुश्रूषा, औषधे, शस्त्रक्रियागृहातील कामे यांचे शिक्षण, मग रुग्णालयात प्रत्यक्ष काम, मग एकेका वर्गाची परीक्षा देत 'वर्ग १' पर्यंतची चढण. याच दलात शस्त्रक्रियागृहाचा सहायक निराळा, प्रयोगशाळेचा निराळा, क्ष-किरणांचा निराळा, रक्तसंक्रमणाचा निराळा. पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यावर तर डॉक्टर एक आणि जखमी अनेक अशी स्थिती. रक्त थांबविणे, हाड बांधणे, सलाइन लावणे, कोणाला आधी खाली पाठवावयाचे आणि कोण तासभर थांबू शकेल हे ठरविणे, या गोष्टी तेथे नर्सिंग असिस्टंटच्या अंगवळणी पडतात. सियाचेनसारख्या ठिकाणी उंचीमुळे फुप्फुसात पाणी होऊ लागलेला जवान केवळ त्याच्या श्वासावरून आणि ओठांच्या रंगावरून वेळीच ओळखावा लागतो; ओळखण्यास उशीर झाला तर हेलिकॉप्टर येऊनही उपयोग नसतो.

या परंपरेचा मान जगाने पूर्वीच केलेला आहे. १९५० साली लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली आपली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स कोरियात गेली. मार्च १९५१ मध्ये तिच्यातील एक तुकडी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सान-नी येथे विमानातून उतरली आणि तेथेच जखमींवर उपचार करीत राहिली. अगदी अलीकडची गोष्ट हवी असेल तर २०२१ सालचा तो भयंकर उन्हाळा आठवावा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नागरी इस्पितळे माणसांवाचून तडफडू लागली तेव्हा सैन्यदलांतील वैद्यकीय मदतनीसांना नागरी रुग्णांच्या खाटांपाशी उभे करण्यात आले. नौदलाचे असे पथक अहमदाबादेस गेले. तेथे प्राणवायूची नळी धरणाऱ्या हाताला कोणी नोंदणी क्रमांक विचारला नाही. संकटकाळी जे हात चालतात, ते सुकाळी का चालू नयेत, हा आमचा प्रश्न आहे.

कायद्याची बाजू अशी आहे. परिचर्येचा व्यवसाय करावयाचा तर राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव हवे. त्या नोंदवहीत नाव येण्यासाठी ठराविक पदविका वा पदवी हवी : जीएनएमची तीन वर्षे किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार. भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली मंजूर केलेला राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा, या दोहोंचा पाया हाच, आणि त्यात गैर काही नाही. सैन्यातील परिचर्या अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण मिलिटरी सिस्टर म्हणतो त्या, विद्यापीठाची पदवी घेऊन सेवेत येतात. त्यांना निवृत्तीनंतर ही अडचण पडत नाही. अडचण आहे ती त्यांच्याच शेजारी, त्याच खाटेच्या दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या शिपायाची. त्याचे शिक्षण लष्करात झाले, परीक्षा लष्कराने घेतली, प्रमाणपत्र लष्कराने दिले. आणि लष्कराचे प्रमाणपत्र परिषदेच्या यादीत नाही. बरे, नव्याने जीएनएम करावे म्हटले, तर त्या अभ्यासक्रमाला प्रवेशाचे कमाल वय पस्तीस. सतरा-अठरा वर्षे देशाला देऊन जो अडतिसाव्या वर्षी परत येतो, त्याच्यापुढे ते दार आधीच लागलेले असते. आणि ते उघडे असते तरी, ज्याने हजारो सुया टोचल्या त्याने सुई कशी धरावी हे तीन वर्षे शुल्क भरून विसाव्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून शिकावे, ही अपेक्षा शहाणपणाची म्हणता येईल काय?

आता या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट सांगतो. माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारची ईसीएचएस ही आरोग्ययोजना २००३ सालापासून चालू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकांतील कंत्राटी जागांच्या जाहिराती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांत नर्सिंग असिस्टंटच्या जागेसाठी पात्रता दिलेली असते ती अशी : जीएनएम पदविका, अथवा सैन्यदलांचा वर्ग १ नर्सिंग असिस्टंट अभ्यासक्रम. प्रयोगशाळा सहायकासाठी पदविका, अथवा सैन्यदलांचा वर्ग १ अभ्यासक्रम. फिजिओथेरपिस्टसाठीही तसेच. त्या 'अथवा' शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्या सरकारचे नागरी कायदे म्हणतात की हे दोन कागद सारखे नाहीत, त्याच सरकारचे संरक्षण खाते आपल्या दवाखान्यात ते सारखे मानते, त्या माणसाला नेमते, आणि निवृत्त सुभेदारापासून निवृत्त जनरलपर्यंत सर्वांचे दंड त्याच्या हाती देते. त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर दहा पावले आल्यावर त्याच माणसाची विद्या नाहीशी होते. जनरलसाहेबांच्या दंडाला जो हात चालतो तो खानापूरच्या शेतकऱ्याच्या दंडाला चालत नाही, यामागे काही वैद्यकीय कारण असेल तर ते परिषदेने जाहीर करावे.

सरकारला माजी सैनिकांचे शिक्षण मोजता येत नाही असेही नाही. केंद्रीय नोकऱ्यांतील माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे १९७९ चे नियम पाहा : मॅट्रिक झालेला आणि पंधरा वर्षे सेवा केलेला जवान 'क' गटातील पदवीधरांच्या राखीव जागांना पात्र धरता येतो. मात्र तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव जेथे आवश्यक नाही, अशाच जागांना ही सवलत आहे! म्हणजे ज्याला विशेष काही येत नाही त्याची सेवा पदवीच्या तोलाची, आणि ज्याला एक विद्या हाताशी येते त्याची ती विद्या सोडून बाकी सारे मोजावयाचे. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा इग्नू विद्यापीठाने अग्निवीरांसाठी पदवीचा जो अभ्यासक्रम आखला त्यात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणालाच देण्याचे ठरले. उत्तम झाले. लष्करी प्रशिक्षण मोजता येते, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आता ते रुग्णाच्या खाटेपर्यंत यावे.

यावर काही डॉक्टर मित्र आम्हांस जे म्हणाले ते येथे मांडणे उचित होईल, कारण त्यांचे म्हणणे पोकळ नाही. ते म्हणतात, खेड्यापाड्यांतून बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट आधीच थोडा का आहे? फौजेतून आलेला एखादा कंपाउंडर घराच्या ओसरीवर टेबल मांडतो, तापाला इंजेक्शन, सर्दीला इंजेक्शन, अशक्तपणाला सलाइन असा सपाटा लावतो, आणि एखादे दिवशी कोणाचे तरी मूल हकनाक जाते. असे घडले आहे, हे आम्हीही जाणतो. आपल्याच माणसाचा दोष म्हणून तो झाकणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा ठरेल. नर्सिंग असिस्टंट हा डॉक्टर नव्हे. त्याने रोगनिदान करू नये, औषध लिहून देऊ नये. परंतु हा बोगसपणा फोफावतो तो कशामुळे? ज्याला विद्येच्या आधारे उजळ माथ्याने पोट भरण्याची वाट नाही तो अंधाऱ्या वाटेला लागतो, हे त्याचे एक कारण खचित आहे. नोंदवहीत नाव असलेल्या माणसाला गमावण्यासारखे काहीतरी असते. चुकला तर परिषद त्याचे नाव काढू शकते. ज्याचे नावच नाही त्याचे काय काढणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लष्करी रुग्णालयातील रुग्ण बहुतांशी तरुण व धट्टाकट्टा पुरुष. गोळी, स्फोट, अस्थिभंग, हिमदंश हे तेथले विषय. नागरी वॉर्डात येतात ती अवघडलेली बाळंतीण, अपुऱ्या दिवसांचे मूल, साखरेच्या विकाराने पाय काळा पडलेली आजी, पाच औषधे एकाच वेळी घेणारे आजोबा. जीएनएमच्या अभ्यासक्रमात प्रसूतिसाहाय्य, बालकांची शुश्रूषा, सार्वजनिक आरोग्य यांना जे स्थान आहे ते लष्करी अभ्यासक्रमात त्या प्रमाणात असणे शक्य नाही. लष्करी रुग्णालयांत जवानांची कुटुंबेही येतात हे खरे, पण प्रसूतिकक्षात शिपायाला काम मिळण्याचा प्रसंग थोडा. तेव्हा या माणसाला सर्व येते असा दावा आम्ही करीत नाही. आमचे मागणे एवढेच की, जे येते ते तपासून मोजावे, आणि जे येत नाही तेवढेच शिकवावे. तीन वर्षांतील दीड वर्ष त्याने आधीच केले असेल तर उरलेले दीड वर्ष शिकवा. परीक्षा मात्र इतरांचीच, तितकीच कठीण घ्या. सवलत म्हणून गुण वाढवून देऊ नका. ज्याने बर्फात रोगी ओळखला तो लेखी परीक्षेला घाबरणार नाही, आणि घाबरून नापास झाला तर त्याने पुन्हा बसावे.

अनुभवाला नोंदवहीत स्थान देणे आपल्या कायद्याला सर्वस्वी परके आहे, असेही कोणी समजू नये. १९४८ चा औषधनिर्माणशास्त्र कायदा झाला तेव्हा पहिल्या नोंदवहीसाठी अशी तरतूद होती की, ज्याने रुग्णालयात वा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले आहे, त्याला पदविकेवाचूनही नाव नोंदविता यावे. पुढे तो दरवाजा यथाकाल बंद झाला. पण त्यातून आत आलेल्या जुन्या कंपाउंडरांनी कित्येक वर्षे आपल्या गावांतील औषधे दिली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानेही बत्तिसाव्या कलमात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' या नावाने मर्यादित परवान्याची कल्पना मान्य केली आहे. त्या कलमावर डॉक्टरांचा रोष आहे आणि त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. मर्यादित कामासाठी मर्यादित परवाना ही कल्पना आपल्या कायदेपुस्तकात आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

आणि परदेशात हा प्रश्न कसा सुटला, व सुटता सुटता पुन्हा कसा अडला, ही हकीकत तर आपण मुद्दाम वाचण्याजोगी आहे. अमेरिकेत डॉक्टरांची टंचाई होती आणि दुसरीकडे नौदलातील वैद्यकीय मदतनीस, ज्यांना तिकडे कोअरमन म्हणतात, ते सेवा संपवून घरी येत होते. त्यांची विद्या नागरी जीवनात कोणी विचारीत नव्हते. आमच्या हवालदारांचीच ती कथा. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड हे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६५ साली अशा चार माजी कोअरमनना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तीन उत्तीर्ण झाले. तीनच! 'फिजिशियन असिस्टंट' नावाचा व्यवसाय या तिघांपासून सुरू झाला. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी माजी सैनिकी मदतनीसांसाठी 'मेडेक्स' हा असाच अभ्यासक्रम काढला आणि ही माणसे डॉक्टर मिळत नसलेल्या गावांकडे वळविली. आज त्या देशात या व्यवसायाचे दीड लाखाहून अधिक लोक आहेत.

येथवरची कथा उत्साह देणारी. पुढची सावध करणारी आहे. व्यवसायाला प्रतिष्ठा आली तशी त्याची पात्रता वाढत गेली. पदविकेची पदवी झाली, पदवीची पदव्युत्तर पदवी झाली. परिणाम असा की, ज्या कोअरमनसाठी हे दार पाडले त्यांच्याच पुढच्या पिढीला, हाती विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे, त्यातून आत जाणे कठीण झाले. नवे दार पाडून भागत नाही, ते लागत तर नाही ना यावर डोळा ठेवावा लागतो. त्या देशाने याच संदर्भात दुसरी एक गोष्ट केली, ती आम्हांस अधिक अनुकरणीय वाटते. तेथील लष्कराच्या युद्धक्षेत्रातील मदतनीसाला प्रशिक्षणातच आणीबाणी-तंत्रज्ञाची राष्ट्रीय नागरी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे निवृत्तीनंतर नागरी कागद शोधत फिरण्याऐवजी तो कागद खिशात घेऊनच तो पलटणीत जातो. हा कागद लहान आहे, त्याने परिचारकाचा दर्जा मिळत नाही. पण रुग्णवाहिकेचे काम तरी त्याला हक्काने मागता येते.

आपल्याकडे आज अशी संधी आहे, आणि ती नेमकी कोठे आहे हे सांगतो. 'वैद्यकीय व इतर व्यवसाय' हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, सव्विसाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्रालाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राने २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह व भूलविषयक तंत्रज्ञ, जखमी व भाजलेल्यांची शुश्रूषा करणारे, फिजिशियन असोसिएट अशा दहा गटांतील व्यवसायांना त्याने प्रथमच एका छत्राखाली आणले. लष्कराचे शस्त्रक्रियागृह सहायक, प्रयोगशाळा सहायक, क्ष-किरण सहायक हे सारे नावानिशी याच गटांत बसतात. या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी जी अट आहे ती वर्षांबरोबर तासांतही सांगितली आहे : दोन ते चार वर्षांत मिळून किमान दोन हजार तासांचे शिक्षण. तास म्हटले की मोजणी आली, आणि लष्करापेक्षा काटेकोर मोजणी कोण ठेवतो? कवायतीच्या मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने शिकवणीच्या तासांचा उतारा द्यावा, आयोगाने तो तपासावा, दोन हजारांत किती भरले आणि किती उरले ते सांगावे. यासाठी क्रांती नको, नवा कायदाही नको. संरक्षण व आरोग्य या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसणे पुरे आहे. ती खाती दिल्लीत एकमेकांपासून फार लांब नाहीत.

परिचर्येचा प्रश्न याहून अवघड, कारण तेथे परिषदा राज्यागणिक आहेत, आणि आमच्या सीमाभागाला ही गोष्ट विशेष जाचते. गडहिंग्लजचा जवान महाराष्ट्राच्या परिषदेकडे जाणार, बेळगावचा कर्नाटकच्या. दोघे एकाच रुग्णालयात, एकाच सुभेदाराच्या हाताखाली शिकलेले. एका परिषदेने अंतर भरून काढण्याचा अभ्यासक्रम मान्य केला आणि दुसरीने नाही, तर एक भाऊ परिचारक आणि दुसरा पहारेकरी असे व्हावयाचे. म्हणून हे समीकरण केंद्राच्या नव्या परिचर्या आयोगाने सर्व राज्यांसाठी एकदाच ठरवावे. शिकविण्याची जागा शोधण्यास मात्र दूर जाण्याचे कारण नाही. बेळगावात लष्करी रुग्णालय आहे, एक खाजगी आणि एक सरकारी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बाळंतपणाचे व बालकांचे वॉर्ड तेथे ओसंडून वाहतात. सेवेच्या शेवटच्या वर्षी जवानाला अशा वॉर्डांत सहा-आठ महिने काम शिकू दिले तर प्रसूती आणि बालसंगोपनातील त्याची उणीव तो पगारावर असतानाच भरून निघेल. निवृत्तांच्या पुनर्वसनासाठी संरक्षण खाते नाना प्रकारचे अभ्यासक्रम आजही चालविते. त्यांत पहारेकऱ्यांच्या व्यवस्थापनाइतके तरी स्थान शुश्रूषेला मिळावे.

हे सारे होईल तेव्हा होईल. पण जे जवान या वर्षी घरी येणार आहेत त्यांच्या घरच्यांना एक व्यावहारिक गोष्ट आजच सांगून ठेवतो, कारण तिच्याअभावी अडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. निवृत्तीची तारीख येण्याच्या पुष्कळ आधी, पलटणीत वा रुग्णालयात असतानाच, वर्ग १ चे मूळ प्रमाणपत्र, प्रत्येक अभ्यासक्रमाची तारीख व कालावधी, कोणकोणत्या विभागात किती महिने काम केले याचा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला, आणि बारावीची गुणपत्रिका हे सर्व मागून घ्यावे व त्याच्या तीन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. मोघम 'वर्तन उत्तम' या शेऱ्यावर समाधान मानू नये. त्या शेऱ्याने कोणतीही परिषद एक तासही मोजणार नाही. एकदा घरी आल्यावर हेच कागद लखनौच्या दप्तरातून पत्राने मागवावे लागतात, आणि आमच्या हवालदारांचे असे एक पत्र गेल्या दिवाळीपासून उत्तराची वाट पाहत आहे.